पहिली मोटार : योग आणि क्षेम

घरांतील मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होऊन हातीं शिकाऊ परवाना आला, कीं जेवणाच्या पंगतींत मोटारीचा विषय निघावयाचाच. काका रंग सुचवितात, मामा कंपनी सुचवितात, आजोबा किंमत विचारतात. संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. अप्राप्त वस्तु मिळविणें हा योग. मिळालेली राखणें तें क्षेम. मोटारीच्या बाबतींत योगाची चर्चा फार होते आणि क्षेमाची राहून जाते, असें आम्हांस वाटतें.

प्रथम चालविणाराचें क्षेम. नवशिक्याचा पाय ब्रेकवर एकदम जोरानें पडतो. अशा वेळीं चाकें जाम होऊं नयेत व गाडी वळवितां यावी, यासाठीं एबीएस ही योजना असते. ती आपल्या देशांत नव्या मोटारींस एप्रिल २०१९ पासून, व चालकापुढील एअरबॅग त्याच वर्षींच्या जुलैपासून सक्तीची झाली. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० नें मध्यमवर्गास मोटारींत बसविलें. तिच्याविषयीं आम्हांसही ममत्व आहे. तथापि २०१४ सालीं बंद झालेली ती गाडी स्वस्त मिळते म्हणून नवशिक्याच्या हातीं देणें आम्हांस मान्य नाहीं.

दुसरें क्षेम घराच्या तिजोरीचें. किंमत एकदांच द्यावयाची. पेट्रोल, विमा, टायर व दुरुस्ती हीं नित्याचीं. समजा, पांच लाख रुपये हातीं आहेत. चार लाखांची, चार-पांच वर्षें वापरलेली लहान गाडी घ्यावी व एक लाख या खर्चासाठीं बाजूस ठेवावा. पहिल्या वर्षीं फाटकाच्या खांबाशीं गाडीची ओळख होणारच. ती जुन्या गाडीची झालेली बरी.

जुनी गाडी सकाळीं, इंजिन थंड असतां, उजेडांत पाहावी. मिस्त्री आपल्या ओळखीचा न्यावा. नोंदणीपुस्तकांतील इंजिनाचे व सांगाड्याचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडावे. बँकेच्या कर्जाची नोंद असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत. नमुना २९ व ३० भरून नांव बदलावें. विमाही आपल्या नांवें करून घ्यावा.

“मुलगा सतरांचा आहे, पण गल्लींतच चालवील,” असें म्हणणारे पालकही आहेत. त्यांनीं २०१९ ची कायदादुरुस्ती वाचावी. अल्पवयीन मुलानें मोटार चालवितांना गुन्हा केल्यास पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. आणि रस्त्यावर दुसऱ्याचें मूल गेलें, तर तें कोणत्याही दंडानें परत येत नाहीं.

शिकाऊ परवाना असेपर्यंत शेजारीं पक्का परवाना असलेला मनुष्य बसणें कायद्यानें आवश्यक आहे. आमची सूचना अशी, कीं गाडीचे पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्याजवळ असा परवाना असेल, तर त्यानेंच ती जागा घ्यावी. आणि मुलास पक्का परवाना मिळाल्यावरही आणखी कांहीं महिने ती सोडूं नये.