धंतोलीतली खोली अन् बाबांचं सोयाबीन

धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांमधून 'खोली भाड्याने देणे आहे' शोधत फिरला असाल, तर भाडं ऐकून पोटात गोळा आलाच असेल! माझा एक मित्र इथूनच सायकलने महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात जातो. १९०६ सालचं हे कॉलेज. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचं काही माहीत नव्हतं. खोलीभाड्यासाठी बाबांनी पडत्या भावात सोयाबीन विकलं.

ही चूक तुम्ही करू नका. 'महाडीबीटी' पोर्टल उघडा. खुल्या प्रवर्गात आहात आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे? मग फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता; अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. इतर प्रवर्गांच्या योजनाही तिथेच आहेत. उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला आधीच काढून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर पैसेही अडकतात. मित्राचे अडकलेच होते ना!

आणि लीडरशिप? शेवटच्या वर्षी 'रावे' असतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. गावात राहायचं, माती परीक्षण, बीजप्रक्रिया करून दाखवायची. तीस वर्षं शेती केलेल्या काकांना 'असं करून बघा ना' म्हणायला हिंमत लागते, भाऊ! भाषणस्पर्धेत ती येत नाही.

मित्राचा भत्ता उशिरा का होईना, जमा झाला. यंदा बाबांनी सोयाबीन घरात ठेवलंय. भाव आला की विकतील.

तुमचा अर्ज भरला का?