आच बेताची

"आई, ही यादी वाच. आणि पूर्ण वाचून होईपर्यंत ओरडू नकोस."

2024 च्या जूनमधली ही गोष्ट. नीटचा निकाल लागून आठवडा झाला होता आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. सईला मार्क कमी पडले होते. एक वर्ष परत क्लास लावायचा, असं आम्ही दोघांनी ठरवूनही टाकलं होतं. त्यासाठी भिशीचे आणि माझ्या शिवणाचे मिळून 80,000 रुपये मी बाजूला काढले होते. सईने मात्र शांतपणे सांगितलं, "मी रिपीट करणार नाही. बीसीए करते. आणि मला कॉम्प्युटर हवाय. त्यावर अभ्यासही करीन, पण मला गेम खेळायचेत."

"डॉक्टर व्हायचं सोडून गेम?" एवढंच बोलून हे जेवणावरून उठले.

पारा माझाही चढला होता. पण यादी बघितली आणि गप्प बसले. वहीची तीन पानं भरलेली. खोडून परत लिहिलेलं, बाजूला बेरजा, शेवटी एकूण. वर्षभरात तिने इतकं मन लावून काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी अट घातली, "यातला एकेक पार्ट मला समजावून सांगायचा. मला कळला, तरच पैसे."

मैत्रिणींनो, आधी मी आमच्या बार्शीतल्या एका दुकानात चौकशी करून आले. दुकानदार म्हणाले, "आय-सेव्हन घ्या वहिनी, डोळे झाकून." कॅबिनेट असं, की लाल-निळे दिवे लागलेले, बघत राहावं. मी खुशीत कोटेशन घरी आणलं. सईने वाचलं आणि म्हणाली, "आई, हे म्हणजे भारीतला जरीचा खण आणि आत सगळं अस्तर फाटकं."

शिवणाच्या भाषेत सांगितल्यावर मला लगेच कळलं!

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो हिशोब करतो. पण गेममधलं चित्र, म्हणजे झाडं, पाणी, पळणारी माणसं, हे सगळं सेकंदाला साठ-साठ वेळा रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. गेमसाठीच कॉम्प्युटर घ्यायचा, तर सगळ्यात जास्त पैसे या कार्डावर घालायचे. त्या कोटेशनमध्ये प्रोसेसर महागातला आणि कार्ड अगदी जुनं, 2 जीबीचं होतं. मेंदू कितीही हुशार असला, तरी रंगवणारा हात थकलेला असेल तर चित्र अडखळतच येणार.

सईच्या यादीत प्रोसेसर होता रायझन 5 5600. सहा कोअरचा, म्हणजे एका वेळी सहा जणी कामाला लागल्यासारखं. कार्ड होतं आरटीएक्स 4060, 8 जीबीचं. एक गोष्ट तिने मुद्दाम सांगितली. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर चित्रच येत नाही. ज्यांना सध्या कार्ड परवडत नाही, त्यांनी नावाच्या शेवटी 'जी' असलेला 5600जी घ्यावा. एका अक्षराचा फरक, पण न विचारता घेतला तर डोक्याला हात लावायची वेळ.

मग मदरबोर्ड. नावातच आई आहे, तेव्हा सगळ्यांना जोडून ठेवणं आलंच. प्रोसेसर बसतो तो सॉकेट जुळला पाहिजे. या प्रोसेसरचा सॉकेट एएम4. दुसऱ्या सॉकेटचा बोर्ड कितीही स्वस्तात मिळाला, तरी त्यात हा बसायचाच नाही. बरणीला दुसऱ्याच बरणीचं झाकण लागतं का?

रॅम 16 जीबी, पण एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन्हीकडून माल मिळतो. आणि साठवणीसाठी एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कपेक्षा कॉम्प्युटर किती तरी लवकर सुरू होतो.

सगळ्यात वाद झाला तो एसएमपीएसवर. हा वीज पुरवणारा डबा. मी म्हटलं, कॅबिनेटबरोबर फुकट मिळतोय की! सई ऐकेना. "आई, घरातल्या विजेचा झटका पहिल्यांदा यालाच बसतो. हा बिनानावाचा घेतला आणि उडाला, तर जाताना सगळ्यांना घेऊन जाईल." आमच्याकडे लाइट कशी येते-जाते हे मला ठाऊक आहे. मी मान्य केलं. चांगल्या कंपनीचा 550 वॉटचा घेतला, आणि त्यासाठी दिव्यांचं कॅबिनेट सोडून पुढून जाळी असलेलं साधं घेतलं. हवा खेळती राहते आणि पैसेही वाचतात.

पार्ट्स माझ्या पुण्याच्या भाच्याने आणून दिले. मॉनिटर धरून 77,000 झाले. जोडणी सईने आमच्या जेवणाच्या टेबलावर केली. तीन तास लागले. बटण दाबल्यावर पंखा फिरला, पडदा उजळला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. हे पेपरातून डोकं वर काढून बघत होते, पण बोलले नाहीत.

पहिला गेम तिने मला दाखवला तो 'राजी'. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला. त्यातली राजी नावाची मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत राक्षसांशी लढते. मला वाटलं होतं, नुसती ढिशूम-ढिशूम असेल. मी अर्धा तास खुर्चीतून उठले नाही.

आता ओव्हरक्लॉकिंगची गोष्ट.

2025 चा एप्रिल. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली होती. एका दुपारी सईची हाक आली, "आई, गं!" पडदा गोठलेला. मग आपोआप बंद, परत सुरू, परत बंद. माझ्या पोटात गोळा आला. 77,000 डोळ्यांपुढे आले.

"काय केलंस?"

"ओव्हरक्लॉक केलं."

तिने समजावलं ते असं. प्रोसेसर ठेक्यावर काम करतो. मूळ ठेका 100 मेगाहर्ट्झचा, त्याला एका आकड्याने गुणायचं. 44 ने गुणलं की 4,400 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 440 कोटी ठोके. हा गुणाकार आपल्या हाताने वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. तिने 46 केला होता. कंपन्या वेग ठरवताना थोडी जागा शिल्लक ठेवतात, म्हणून हे जमतं. 1998 मधला इंटेलचा सेलेरॉन 300ए हा 300 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर लोक 450 वर चालवायचे, आणि त्यावरून तो गाजला होता.

"मग बिघडलं कुठे?"

"वेग वाढवला की प्रोसेसर डळमळतो. म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं. आणि तिथेच मेख आहे."

तिने वहीत हिशोब मांडला. लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग शंभराला पाचने वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज शंभराला दहाने वाढवलं, तर वीज आणि उष्णता शंभराला सत्तावीसने वाढते. मिळालं पाच, मोजले सत्तावीस! त्यातून पंखा प्रोसेसरला गार करतो तो खोलीतल्याच हवेने. आमच्या खोलीत त्या दिवशी 40 अंश. हा प्रोसेसर 90 अंशांपर्यंत सोसतो. त्यापुढे तो स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करतो. तरी रेटलं, तर कॉम्प्युटर बंद पडतो. आणि अशात काही जळलं, तर वॉरंटी मिळत नाही.

नशीब, काही जळलं नव्हतं. वीज बंद करून तिने मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला, थोड्या वेळाने परत बसवला. सेटिंग मूळपदावर आलं, कॉम्प्युटर सुरू झाला. मग तिने उलटं केलं. वेग होता तोच ठेवून व्होल्टेज एकेक पायरी खाली आणलं. तापमान 88 वरून 74 वर आलं. गेममध्ये काही म्हणता काही फरक नाही, कारण तिथे खरं काम ग्राफिक्स कार्डाचंच होतं.

"म्हणजे उगीचच तापवत होतो त्याला," ती हसत म्हणाली.

मला हसू आलं नाही. बारावीचं वर्ष आठवलं. पहाटे पाचचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी टेस्ट, रात्री कॉफी. दिवाळीनंतर तिचे मार्क उतरायला लागले, जेवता जेवता झोपायची. आम्ही म्हणालो, आळस वाढलाय. आणि आणखी एक बॅच लावली. जानेवारीत ती क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तर सलाइन लावून तिसऱ्या दिवशी तिला परत पाठवणारी मीच होते. ती स्वतःला वाचवायला हळू झाली होती. मशीनचं ते तिला कळलं, पोटच्या पोरीचं मला कळलं नव्हतं.

"सई," मी म्हटलं, "त्या वर्षी माझं चुकलं गं."

ती स्क्रू घट्ट करत होती. मान वर न करता म्हणाली, "असू दे. झाकण धर जरा."

मैत्रिणींनो, घरात कोणी असा हट्ट धरला, तर लगेच नाही म्हणू नका आणि डोळे झाकून होही म्हणू नका. पोराला शेजारी बसवा, एकेक पार्ट विचारा. कॉम्प्युटर कळेल, आणि पोरगंही थोडं कळेल.

परवा रात्री दाराशी पावलं थांबली. वर्षभर त्या खोलीत न डोकावलेले हे आत आले, पडद्याकडे बघत घसा खाकरून म्हणाले, "आज किती डिग्री आहे गं?"

"बहात्तर, बाबा."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.