व्हॉल्व्ह घ्यायला जाताना लोहचुंबक सोबत न्या

भातझोडणी आटोपली की गिरणीला उसंत नसते. ज्या गटांची भातगिरणी डिझेल इंजिनावर चालते, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. फिटर म्हणतो, "ताई, व्हॉल्व्ह बदलावा लागेल." दुकानात दोन किमतींचे दोन व्हॉल्व्ह पुढ्यात येतात, दिसायला अगदी जुळे.

फरक असतो पोलादात. इनलेट व्हॉल्व्हमधून हवा आत येते, एक्झॉस्टमधून जळका धूर बाहेर जातो. (आपल्या एका सिलिंडरच्या इंजिनाला हे दोनच; कल्याणच्या रेल्वे शेडमधल्या जुन्या अल्को डिझेल इंजिनाला 64!) इनलेटला येणारी हवा गार ठेवते. एक्झॉस्टच्या नशिबी मात्र नुसती धग. त्याची टोपी 700 अंशांच्या आसपास तापते. पाणी तर 100 अंशांनाच उकळतं. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर व्हॉल्व्ह तासाला 45,000 वेळा आपटतो. साधं पोलाद त्या धगीत मऊ पडतं, कड जळते. टोपी तुटून आत पडली की पिस्टनही गेला. ऐन हंगामात गिरणी बंद, हप्ता मात्र चालूच.

म्हणून एक्झॉस्टला बहुधा 21-4एन नावाचं पोलाद वापरतात. त्यात सुमारे 21 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के निकेल असतं. ते लालबुंद तापलं तरी ताकद सोडत नाही, आणि त्याला लोहचुंबक चिकटत नाही. इनलेटच्या पोलादाला चिकटतो, आणि ते बरोबरच आहे.

भांड्यांच्या दुकानात आपण चुंबक लावून बघतोच की! इथे तो टोपीला लावा, कारण पुष्कळदा दांडी वेगळ्या पोलादाची जोडलेली असते. कंपनीचा मूळ जुना व्हॉल्व्ह सोबत न्या. जुन्या टोपीला चिकटत नाही आणि नव्या टोपीला चिकटतो, तर घेऊ नका. मात्र चिकटला नाही म्हणून माल अस्सल ठरत नाही. काही हलक्या स्टीललाही तो चिकटत नाही. म्हणून पार्ट नंबर ताडून पक्की पावती घ्याच.

जुनाच व्हॉल्व्ह परत बसवायचा असेल, तर काजळी काढून तो थोडा वेळ रॉकेलमध्ये बुडवा, कोरडा पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तिथे ओली रेघ उमटते. कारखान्यात हेच काम लाल रंगाने करतात.

व्हॉल्व्ह बसवल्यावर, इंजिनाचं हेड चढवण्याआधी, फिटरला त्याच्या मागच्या पोकळीत रॉकेल ओतायला सांगा. रॉकेल नसेल तर डिझेल. दहा मिनिटांत कडेने थेंब झिरपला, तर पुन्हा घासून बसवायला लावा.