पेटीची परतफेरी

१९८५ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेल्या मर्सी नावाच्या लहानशा बेटावर उन्हाळी संगीतोत्सव भरला होता. देशोदेशींचे गायक-वादक एका ठिकाणी ऐकावयास मिळावेत, म्हणून पीटर गॅब्रिएल या गायकाने सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये हा 'वोमॅड' उत्सव सुरू केला होता. त्या रात्री पाकिस्तानचे थोर कव्वाल नुसरत फतेह अली खाँ साथीदारांसह मंचावर येऊन मांडी घालून बसले. जवळ दोन पेट्या, तबला आणि टाळ्यांनी ठेका धरणारी मंडळी. बहुतेक श्रोत्यांना गाण्याचे शब्द कळत नव्हते. पाश्चात्त्य श्रोत्यांसमोरील त्यांची ही पहिली मोठी मैफल होय.

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडचा एखादा मुलगा तेथे असता, तर त्याला पेटीचे मुळीच नवल वाटले नसते. हरिनाम सप्ताहात, भजनात ती असतेच. नवल निराळेच आहे. पेटी मूळची युरोपातली!

पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. वादक खुर्चीवर बसे आणि पायांनी भाता चालवी. आपली बैठक जमिनीवरची. मांडी घातल्यावर पाय कोठून मोकळे राहणार? १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची सुटसुटीत पेटी तयार केली. एका हाताने भाता हलवावा, दुसऱ्याने पट्टी दाबावी. आत कोंडलेली हवा पितळेच्या पातळ जिभेला थरथरवीत बाहेर पडते आणि सूर उमटतो.

प्रत्येक जीभ मात्र एकच ठरलेला सूर देते. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणारी मींड पेटीतून निघत नाही. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली; ती १९७१ मध्ये सैल झाली. आक्षेप खोटा नव्हता. तरी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी भास्करबुवा बखले यांच्या गायनाला पेटीचीच साथ केली होती. शिवाय भजनाला बसलेल्या दहा शेतकऱ्यांचे आवाज एका सुरात धरून ठेवावयाचे, तर पेटीइतके सोयीचे वाद्य दुसरे कोणते?

मर्सीलाही तेच घडले. मींड खाँसाहेबांच्या गळ्यातून निघत होती. पेट्या खालून सूर धरून होत्या.