कीर्द झाली, खतावणीचं काय?

पगार झाल्याचा एसएमएस येतो, त्या दिवशी आपण सगळेच राजे असतो. मग भाडं जातं, ईएमआय कापला जातो, कार्डाचं बिल भरलं जातं आणि वीस तारखेनंतर बॅलन्स बघायचंही जिवावर येतं. कुणी विचारलंच, 'पैसे गेले कुठे?' तर आपलं उत्तर ठरलेलं, 'अरे, विशेष काही खर्चच नाही केला!'

गंमत म्हणजे नोंदीची कमतरता अजिबात नाही. २०१६ साली यूपीआय आलं आणि वडापावचे पैसेसुद्धा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जाऊन बसायला लागले. आजोबांच्या वहीत नसेल इतका बारीक हिशेब आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. पण जुने दिवाणजी दोन वह्या ठेवायचे. कीर्दीत रोजचे व्यवहार घडतील तसे उतरवायचे आणि मग तेच व्यवहार खतावणीत खात्याखात्यांवर मांडायचे. किराणा वेगळा, गाडी वेगळी, देणी वेगळी. आपल्याकडे कीर्द आहे, खतावणीच्या नावाने मात्र बोंब! बजेटिंग सॉफ्टवेअरचे रिपोर्ट म्हणजे हीच खतावणी, फक्त बटण दाबून मिळणारी.

तिचा उपयोग काय, हे मला कळलं ते आमच्या घरात एक मोठा प्रश्न उभा राहिला तेव्हा.

तो म्हणतो हो, मी म्हणते नाही

माझ्या नवऱ्याला आयटीतली नोकरी सोडून गणित शिकवायचं होतं. घराजवळच्या एका क्लासमध्ये पूर्णवेळ काम मिळत होतं. पगार मात्र ९२,००० वरून थेट ३८,०००! माझे ७८,००० धरले तर घरात १,१६,००० येणार. त्याचं म्हणणं, 'आपला महिना ९८,००० मध्ये भागतो, मग अडचण काय?' माझं म्हणणं, 'तसं असेल तर आत्ता दर महिन्याला ७२,००० उरायला हवेत. ते कुठायत?'

दोघांचाही कारभार अंदाजपंचे. आणि अंदाजपंचे भांडण कधी संपत नाही, बॉस! शेवटी आम्ही दोघांच्या खात्यांची आणि कार्डांची बारा महिन्यांची स्टेटमेंट्स डाउनलोड केली आणि ग्नूकॅश या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. १९९८ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर दुहेरी नोंद पद्धतीवर चालतं. म्हणजे प्रत्येक रुपया कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे दोन्ही त्याला सांगावं लागतं. चार-पाच वेळा 'हा किराणा' असं सांगितलं की पुढच्या नोंदी ते स्वतःच ओळखायला लागतं. तरी दोन रविवार गेलेच.

आधी गाळणी लावा

पैसा खात्यातून बाहेर गेला म्हणजे तो खर्च झाला, असं नसतं. एसआयपीत गेलेले पैसे आपलेच आहेत, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेत. घरमालकाकडचं डिपॉझिट तसंच. एटीएममधून काढलेले ५,००० तेव्हाच खर्च होत नाहीत, ते पाकिटात येतात. आणि सगळ्यात मोठी गफलत क्रेडिट कार्डाची. कार्डावर घेतलेला शर्ट खर्चात धरला आणि पुढच्या महिन्यात भरलेलं कार्डाचं बिलही खर्चात धरलं, तर तोच शर्ट दोनदा विकत घेतल्यासारखा दिसतो. अशा नोंदींना सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रान्सफर' म्हणतात. त्या गाळल्याशिवाय रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. सुंदर रंगीत पाय-चार्टसुद्धा बेधडक खोटं बोलू शकतो.

बारा महिन्यांचा सातबारा

गाळणी लावून वर्षाचा जमा-खर्च रिपोर्ट काढला, तर वर्षाचा एकूण खर्च १४,८८,०००. म्हणजे महिन्याला सरासरी १,२४,०००. नवऱ्याचे ९८,००० खोटे नव्हते. साधा महिना तेवढ्यातच भागत होता. पण वर्षात एक-दोनदाच डोकं वर काढणारे खर्च त्या आकड्यात नव्हते. विम्याचे हप्ते ८४,०००, दोन ट्रिप ९६,०००, दिवाळी आणि लग्नकार्यातले आहेर ५८,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३१,०००, आईबाबांच्या तपासण्या ४३,०००. बेरीज ३,१२,०००, म्हणजे महिन्याला २६,०००!

हे खर्च आले की आपण म्हणतो, 'या महिन्यात जरा जास्तच झालं.' पण असा 'जास्तीचा' महिना दर दोन महिन्यांनी येत असेल, तर तो जास्तीचा कसला? म्हणून मासिक रिपोर्टवर मोठे निर्णय घेऊ नयेत. घराचं बजेट वर्षाचं असतं, महिना हा फक्त त्याचा हप्ता.

आता प्रश्न 'जमेल की नाही' एवढा मोघम राहिला नव्हता. तो ८,००० रुपयांचा झाला होता. १,२४,००० वजा १,१६,०००.

नोकरीलाही खर्च येतो

मग आम्ही वर्गवारीचा रिपोर्ट उघडला. नवऱ्याच्या ऑफिसच्या कॅबचे महिन्याला ४,६०० आणि तिथल्या कॅन्टीन-कॉफीचे २,७०० जात होते. क्लास घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. म्हणजे नोकरीबरोबर हे ७,३०० आपोआप जाणार होते. पगाराच्या स्लिपवर हा आकडा कधीच दिसत नाही. बाहेरून जेवण मागवण्याचे ९,४०० होते, ते ५,००० वर आणायचं ठरलं. नव्या हिशेबाने खर्च १,१२,३००, शिल्लक ३,७००. जमत होतं, पण अगदी काठावर.

आणि तिसऱ्या रिपोर्टने खरी गोष्ट सांगितली. तो होता ताळेबंदाचा, म्हणजे आपलं काय आहे आणि आपलं देणं किती, याचा. त्यात आमची बचत महिन्याला ४६,००० ने वाढताना दिसत होती. माझा 'कुठायत?' हा प्रश्नही तिथेच सुटला. २६,००० वार्षिक खर्चात जात होते आणि ४६,००० एसआयपी-आरडीत. आता ते ४६,००० जाऊन ३,७०० राहणार. म्हणजे फळ्यासमोर उभं राहण्याची किंमत होती महिन्याला ४२,३००. स्वतःच्या घराचं डाउन पेमेंट तेवढं लांबणार.

त्यानंतरही आम्ही भांडलो, पण भांडणाचा विषय बदलला होता. 'परवडतं का?' संपलं आणि 'घर आधी की हे आधी?' सुरू झालं. हा प्रश्न आमचा होता. त्याचं उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देणार नव्हतं, आणि देऊही नये. आम्ही दोन वर्षं ठरवली. सहा महिन्यांच्या खर्चाची एफडी बाजूला ठेवली, तिला हात लावायचा नाही. ३,००० ची एक एसआयपी चालू ठेवली. गेल्या जूनपासून तो बीजगणित शिकवतोय. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट काढायचा, हेही त्या ठरावातच आहे.

तुम्हालाही करायचंय?

• वर्ग बारा-पंधराच ठेवा. 'चहा' आणि 'कॉफी' वेगळे केलेत, तर आठवड्यात कंटाळाल.

• यूपीआयच्या नोंदीत दुकानाऐवजी बऱ्याचदा माणसाचं नाव येतं. पैसे देतानाच 'भाजी', 'इस्त्री' अशी छोटी नोट टाका. महिन्यानंतर तो माणूस कोण, हे आठवणं कठीण.

• 'इतर' हा वर्ग फुगायला लागला, की समजा खरी गोष्ट तिथेच लपलीय.

• आपला डेटा आपल्याकडे ठेवा. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, अमेरिकेतलं लोकप्रिय मिंट २०२४ मध्ये बंद झालं. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, वर्षातून एकदा नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्या.

• कुठल्याही अ‍ॅपला नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका. रिपोर्टसाठी स्टेटमेंटची फाइल पुरते.

आणि हो, रिपोर्ट काढण्याआधी मनात एक प्रश्न पक्का करा. नोकरी सोडायची, घर घ्यायचं, आईबाबांना दरमहा पैसे पाठवायचे, काहीही. प्रश्न नसेल, तर रिपोर्ट म्हणजे नुसती आकड्यांची रांगोळी!