सूत शहाडचं, पाणी उल्हासचं, मशीन हप्त्यावरचं

पाणी सुटलं की आमच्या इमारतीत आधी बादल्या वाजतात, आणि पाठोपाठ टायमर पिळल्याची टर्र ऐकू येते. आधी खालच्या मजल्यावर, मग वरच्या, मग समोरच्या बिऱ्हाडात. शहाडच्या जुन्या इमारतींतून आणि चाळींतून अजून राज्य आहे ते दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकचं. एका टबात धुवायचं, उचलून दुसऱ्यात टाकायचं, पिळून काढायचं. दुकानदार तिच्याकडे जरा उपेक्षेनंच बघतो, ‘बजेट कमी असेल तर घ्या’ म्हणतो. मला मात्र वाटतं, या गावाचं पाणी ओळखून कोणी यंत्र बनवायला बसला असता तर त्यानं हेच बनवलं असतं.

कारण पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला नळाला सतत पाणी लागतं, आणि तेही जोरानं. बऱ्याच मशीनना किमान 0.3 ते 0.5 बार दाब हवा असतो. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार. गच्चीवरच्या टाकीपासून सर्वांत वरच्या मजल्याचा नळ जेमतेम तीन मीटर खाली, म्हणजे 0.3 बार. चार मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तेच मशीन सुरळीत चालतं आणि चौथ्यावर पाणी भरतच बसतं. मग मेकॅनिकला फोन, आणि तो म्हणतो मशीन चांगलंय. खरंच चांगलं असतं. वर राहणाऱ्यांनी एक तर छोटा प्रेशर पंप बसवावा, नाही तर बादलीनं भरता येणारं मशीन घ्यावं.

बादलीनं भरण्यात आणखी एक सोय आहे. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खळबळलेलं पाणी जिना धुवायला. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन हे पाणी गुपचूप मोरीत सोडून मोकळं होतं.

या मशीनच्या पोटात दोन वेगळ्या मोटारी असतात. धुण्याच्या टबाच्या तळाशी पल्सेटर, म्हणजे पात्यांची चकती. ती थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरते आणि कपडे एकमेकांवर घासले जातात. आपण दगडावर आपटतो त्याचीच ही सौम्य आवृत्ती. म्हणून टब गच्च भरला की कपडे हलतच नाहीत, नुसते भिजून निघतात. पिळण्याच्या टबाची मोटार खाली असते आणि टब मिनिटाला साधारण 1300 फेरे घेतो. बारा सेंटिमीटर त्रिज्येचा टब धरला तर कापडातल्या पाण्याला त्याच्या वजनाच्या दोनशेपटीहून अधिक जोरानं बाहेर ओढलं जातं. जुलैत, दांडीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि शाळेच्या गणवेशाला कुबट वास येतो, तेव्हा पिळण्याच्या पाच मिनिटांची किंमत कळते. माझ्या मते शहाड-आंबिवलीकडे मशीन घराघरांत शिरलं ते धुण्यासाठी नाही, पावसाळ्यात पिळण्यासाठी.

पण सगळ्यात धोक्याची जागाही हीच. झाकण उघडलं की ब्रेक लागून टब थांबायला हवा. ब्रेकची तार सैल झाली की टब झाकण उघडल्यावरही फिरत राहतो, आणि घाईत हात घातला की ओढणीचं किंवा साडीचं टोक बोटांभोवती गुंडाळून टब हातच पिळतो. टब पूर्ण थांबेपर्यंत हात बाहेर. झाकण उघडल्यावर टब काही क्षणांत थांबला नाही तर ती तार त्याच दिवशी बदलून घ्यावी. ओली चादर एकीकडे आणि चार रुमाल दुसरीकडे असं भरलं की मशीन धडधडत चालायला लागतं. तेव्हा वर बसून दाबून धरणारे वीर मी पाहिले आहेत. बंद करून कपडे सारखे पसरावेत, वरून प्लॅस्टिकची चकती ठेवावी, बस्स.

आता विजेकडे. आमच्या शेजारच्या काकू कितीतरी वर्षं पायात रबरी चप्पल घालून धुणं लावायच्या, कारण मशीनला हात लागला की मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, जशी एखाद्या दाराची कुरकुर माहीत असते. एकदा पंख्यासाठी आलेल्या वायरमननं सहज विचारलं आणि प्लगचं बोर्ड उघडलं. तिसऱ्या भोकाची तार भिंतीतून जाऊन नळाच्या पाइपला बांधलेली होती. कधीकाळी पाइप लोखंडी होता, तेव्हा हे चाललं असेल. मधल्या दुरुस्तीत प्लंबरनं प्लॅस्टिकचा पाइप घातला, आणि अर्थिंग अधांतरी राहिलं. वायरमन म्हणाला, “काकू, चप्पल ठेवा बाजूला, आधी वायर बदला.”

मुंग्या येणं हा मशीनचा स्वभाव नव्हे. पिळण्याच्या टबाखालचं रबरी सील झिजतं, साबणाचं पाणी थेंबथेंब मोटारीवर पडतं आणि वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्यातून. तिसऱ्या भोकात न्यूट्रलची तार जोडून ‘अर्थिंग केलं’ म्हणणारेही भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावं. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. पाणी तापवणाऱ्या फ्रंट लोडरचा हीटर 2000 वॉटचा असला तर तो जवळजवळ 9 अँपिअर घेतो. त्याला 16 अँपिअरचाच प्लग हवा; पंख्याच्या सॉकेटमधून काढलेलं एक्स्टेन्शन चालत नाही. आणि मशीन मोरीत ठेवावंच लागलं तर ओट्यावर, शिंतोडे उडणार नाहीत असं. मशीन खालून उघडं असेल तर जाळी बसवावी, कारण पावसात उंदीर कोरडी जागा शोधत आत जातात आणि वायरी कुरतडतात.

शहाडची एक गंमत मशीन विकणाऱ्यांना ठाऊक नसते. मुरबाड रस्त्यावरच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये 1950 च्या दशकापासून रेयॉनचं सूत निघतं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये मधासारखा दाट करायचा आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की रेशमासारखा चकचकीत धागा तयार होतो. पण या धाग्याची खोड अशी, की ओला झाला की त्याची निम्मी ताकद जाते. सुती कापड उलट ओलं असताना जास्त चिवट, म्हणून आपल्या आया त्याला बिनधास्त आपटत. रेयॉनची साडी किंवा ओढणी आपटली, जीन्सबरोबर फिरवली, पाच मिनिटं पिळली, तर शिवणीजवळ विरते. कारखान्याच्या गावात राहून मी दोन ओढण्या याच अज्ञानानं घालवल्या. जाळीच्या पिशवीत घालून, कमी वेळ, पिळणं अर्धं मिनिट, आणि मग सावलीत पसरून वाळवणं, एवढंच तिला हवं.

कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या घरी आणखी एक पथ्य आहे. थिनर, पेट्रोल किंवा रॉकेल लागलेले कपडे मशीनमध्ये घालू नयेत. बंद टबात वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते. ते आधी मोकळ्या हवेत वाळवून हातानंच धुवावेत.

साबणाबद्दल थोडक्यात. उल्हास नदीचं पाणी बोअरवेलपेक्षा मऊ, म्हणून पाकिटावर लिहिलंय त्याहून थोडा कमीच लागतो. टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तेव्हा फेस येत नाही म्हणून आपण पावडर ओतत राहतो, आणि तीच कपड्यांत पांढरी राहते. फ्रंट लोडरला हातानं धुण्याची पावडर घालूच नये, फेसानं तो अडतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा नळीच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवावं, रबरी कडा पुसावी.

नवं मशीन घ्यायचं ठरलं असेल तर दुकानात जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा. फेज आणि तिसऱ्या भोकाची तार यांच्यामध्ये त्याला टेस्ट लॅम्प लावायला सांगा. दिवा लख्ख पेटला आणि ती तार न्यूट्रलला जोडलेली नसली तर हप्त्याचं बोला. मिणमिणला, किंवा आरसीसीबी पडलेली नसतानाही पेटला नाही, तर आधी वायरिंगवर पैसे घाला.