आगीत उडी घेणारी नोकरी

‘आगीत उडी घेतली’ असं आपण सहज बोलून जातो. आज ज्यांची गोष्ट सांगतोय, त्यांची ती खरोखरची नोकरी होती. स्मोकजंपर्स!

अमेरिकेत आयडाहो-मोंटानाच्या डोंगरांत वीज पडून वणवे लागतात. रस्ते नाहीत. माणसं पायी, सामान खेचरांवर, पोचेपर्यंत दिवसच्या दिवस जायचे. तोवर चुलीएवढी आग अख्खा डोंगर गिळून बसायची. त्यात १९३५ पासून वनखात्याचा नियम: दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात हवी. कशी बुवा?

पॅराशूटची कल्पना निघाली, तेव्हा तिथल्या वनप्रमुखांनी असल्या उड्या मारणाऱ्यांना जवळपास वेड्यातच काढलं. पण १९३९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात विन्थ्रॉपला चाचण्या झाल्या आणि जमलं. अंगात जाड कॅनव्हासचा सूट, डोक्यावर फुटबॉलचं हेल्मेट, तोंडापुढे तारेची जाळी. आणि पायाच्या खिशात दोर! कारण माणूस झाडावर अडकणार हे गृहीतच होतं.

१२ जुलै १९४०. आयडाहोच्या नेझ पर्स जंगलात पहिली खरी उडी. आधी रुफस रॉबिन्सन, मग अर्ल कूली. कूलीच्या पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ पडला, आणि तो थेट एका उंच स्प्रूसच्या झाडात जाऊन अडकला. तरी दोघांनी ती आग आवरली.

इथे थांबलो असतो तर मस्त गोष्ट झाली असती. पण ५ ऑगस्ट १९४९ ला मोंटानातल्या मॅन गल्च दरीत १५ जण उतरले. विमानाच्या दारात त्यांना उडीचा इशारा देणारा होता हाच अर्ल कूली. खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. वारा फिरला, आगीने खालची वाट अडवली आणि ती वाळक्या गवतातून चढावर त्यांच्या मागे लागली. चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, कारण ज्वाळा पुढचं गवत आधीच तापवून ठेवतात.

म्होरक्या वॅग डॉजने काय केलं? काडी ओढून समोरचंच गवत पेटवलं! ते जळून गेल्यावर राखेत पालथा पडला. जळलेल्या जागी आग परत काय जाळणार? त्याने इतरांनाही हाका मारल्या. पण मागे आग असताना पुढे आग लावणाऱ्याचं कोण ऐकेल? मी तरी ऐकलं नसतं.

१३ जण गेले. डॉज वाचला, आणि कड्याच्या फटीतून पलीकडे निघालेले दोघं.